आगाऊ वर्दी

ऑफिसात तिला ‘मोजपट्टी’ म्हणत. अर्थात पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. दवाखान्यांची तपासणी करणाऱ्या खात्यात तिने एकोणीस वर्षं काढली होती. हात धुण्याचं बेसिन पेशंटच्या टेबलापासून किती लांब आहे हे इतर लोक नजरेने ठरवायचे. ती पर्समधून टेप काढायची. एखादा डॉक्टर वैतागून म्हणायचा, “अहो बाई, दोन बोटांचा तर फरक आहे!” त्यावर ती शांतपणे म्हणायची, “मग दोन बोटं सरकवा.”

सलग तीन वर्षं तिच्या विभागातले दवाखाने गुणांत पहिले येत होते. मीटिंगमध्ये साहेब इतरांना सुनवायचे, “शिका जरा हिच्याकडून. ही कधी टपकेल याचा नेम नसतो, म्हणून लोक रोजच नीट वागतात.” अशा वेळी ती मान खाली घालून वहीत रेघोट्या ओढत बसायची, पण त्या दिवशी घरी जाताना तिची चाल निराळी असायची.

घर म्हणजे दादाचं घर. दादा तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा त्याने स्वतःचं शिक्षण सोडून घड्याळाच्या दुकानात नोकरी धरली आणि तिला शिकवलं. तिच्या लग्नाचं दोनदा जमता जमता राहिलं, मग जमवायचंच राहून गेलं. वहिनी स्वभावाने मऊ. तिघांचं बरं चाललं होतं. आता दादाचं दुकानही सुटलं होतं. घरी बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांची बंद पडलेली घड्याळं तो दुरुस्त करायचा, आणि उरलेला वेळ कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गप्पा छाटायचा.

रात्रीचं जेवण झालं की दादाचा प्रश्न ठरलेला असे, “मग? आज कुणाची हजामत केलीस?” आणि ती सांगत बसायची. कुठे फ्रीजमध्ये लशींच्या शेजारी डॉक्टरांचा डबा निघाला, कुठे आग विझवायच्या नळकांड्यावर ओले मोजे वाळत घातले होते. दादा खदखदून हसायचा. वहिनी म्हणायची, “अहो, तिला दोन घास तर सुखाने खाऊ द्या!”

नियम असा होता की तपासणीला कुठे जायचं ते साहेब, ती आणि सोबतचा माणूस, एवढ्यांनाच ठाऊक असायला हवं. घरातसुद्धा बोलायचं नाही. तिने हा नियम दुनियेशी पाळला. दादाशी कधी पाळला नाही. दादाला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

त्या वर्षी एकाच दवाखान्याबद्दल लागोपाठ तीन तक्रारी आल्या. दवाखाना रस्त्याच्या वळणावर होता म्हणून सगळे तिथल्या डॉक्टरांना वळणावरचे डॉक्टर म्हणत. एका सुताराच्या तळहाताला घातलेले टाके पिकले होते. एका शिक्षिकेच्या अंगठ्याचं नख काढलं, ती जखम चिघळली. आणि तिसरी तक्रार एका शिवणकाम करणाऱ्या बाईची होती. तिला मांडीच्या वर गळू झालं होतं. डॉक्टरांनी ते चिरलं. आठ दिवसांत भरायची जखम तीन महिने वाहत होती.

मोजपट्टी या बाईला भेटायला गेली. पडदे शिवायचा कारखाना होता, लांबलचक खोलीत बारा मशिनी. अकरा बाया बसलेल्या आणि एक उभी. तिचं मशीन लाकडी ठोकळ्यांवर उंच केलेलं होतं. एका पायावर उभी राहून, दुसरा पाय पेडलवर ठेवून, बगळ्यासारखी तोल सांभाळत ती शिवत होती.

“बसताच येत नाही हो बाई,” ती म्हणाली. “हसतात पोरी मला. मीही हसते, काय करणार! घरी गेल्यावर पालथी पडून राहते.” मग तिने मशीन थांबवलं आणि आवाज खाली आणला. “त्यांच्याकडे सगळी हत्यारं एका पातेल्यात उकळतात. पाण्याला नीट उकळीसुद्धा येऊ देत नाहीत. मी डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही जाल तेव्हा कुणाला कळू देऊ नका हं. कळलं तर सगळं धुऊन-पुसून ठेवतील, आणि मी खोटी पडेन.”

“माझ्या सावलीलाही कळणार नाही,” मोजपट्टी म्हणाली. त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली.

वळणावरचे डॉक्टर हे दादाचे डॉक्टर होते, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. चार वर्षांपूर्वी दादाच्या छातीत कळ आली, तेव्हा त्याच डॉक्टरांनी दवाखाना भरलेला टाकून त्याला स्वतःच्या गाडीत घातलं आणि मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे ऑपरेशन होईपर्यंत ते बाकावर बसून राहिले. ही गोष्ट साहेबांच्या कानावर घालून तपासणी दुसऱ्याकडे द्यायला हवी होती. पण तिने विचार केला, अर्धी वस्ती त्यांची पेशंट आहे. प्रत्येकाचे भाऊ मोजत बसलं तर तपासणी करायची कुणी?

सोमवारी जेवताना दादा म्हणाला, “गुरुवारी माझा चष्मा आणशील येताना?”

“गुरुवारी नाही जमायचं रे. गुरुवारी तुझ्या डॉक्टरांकडेच जायचंय.” मग तिने जीभ चावली. “हे इथंच राहू दे हं, दादा.”

“मी काय डांगोरा पिटतोय?” दादा म्हणाला आणि ताटात भात ओढून घेतला.

*

गुरुवारी सकाळी ती निघाली. सोबत नमुनेवाले काका होते. खात्यात त्यांचं काम एवढंच: टेबलावरून, नळावरून, हत्यारांवरून कापसाच्या काडीने नमुने घ्यायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. “नमुने गोळा करता करता मीच एक नमुना होऊन बसलो,” असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत आणि स्वतःच हसत.

दवाखान्याच्या दारातच फिनेलचा वास आला. तो तर कुठेही येतो. पण आत पाऊल टाकलं आणि काका थबकले. “अहो, इथे तर लग्नघर दिसतंय!” ते कुजबुजले. भिंतींचा रंग ताजा होता. पेशंटच्या बाकांना नवं रेक्झिन लावलं होतं. कचऱ्याचे डबे रंगांप्रमाणे ओळीने उभे, एकात कागदाचा कपटा नाही. दवाखान्यात दिवसभर माणसं येतात. त्यांचा काहीतरी मागमूस राहतो. इथे जणू अजून कुणी आजारीच पडलं नव्हतं.

डॉक्टर उठून सामोरे आले. साठीचे, पांढऱ्या केसांचे, बोलणं मधाळ. “या, या! अचानकच? हरकत नाही, घर तुमचंच आहे. बसा आधी.”

टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एक साधी. दुसरीच्या पाठीला कमरेच्या उंचीवर एक छोटी घट्ट उशी बांधलेली. डॉक्टरांनी तीच तिच्याकडे सरकवली.

तिच्या कमरेचा मणका दोन वर्षांपासून त्रास देत होता. साध्या खुर्चीवर बसलं की अर्ध्या तासात पाय बधिर व्हायचा. हे फक्त घरी ठाऊक होतं, ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. माहीत झालं तर फिरती बंद होईल म्हणून तिने ते लपवून ठेवलं होतं.

ती बसली. तेवढ्यात दवाखान्यातल्या मावशी चहा घेऊन आल्या. एक कप काकांपुढे ठेवला, एक तिच्यापुढे, आणि अगदी आपुलकीने म्हणाल्या, “तुमच्यात साखर नाही घातली हं बाई. तुम्ही घेत नाही ना.”

काकांनी कपातून वर पाहिलं. डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिच्या हातातला पेन जागच्या जागी थांबला.

“मावशी,” ती म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजाचं तिला नवल वाटलं, इतका तो रोजच्यासारखा होता, “उशी छान आहे. कुठून आणली?”

“बाजारातनं. परवा मलाच पाठवलं होतं आणायला. म्हटलं चांगली घट्ट बघून आणते, दुखऱ्या कमरेला मऊ उशी उपयोगाची नाही.”

“मावशी, तुम्ही जा आता,” डॉक्टर म्हणाले.

तिने चहा तसाच ठेवला आणि उठली. तपासणी तर करायचीच होती. एकोणीस वर्षांची सवय पायांना ओढून नेत होती. टेप काढला: अंतर बरोबर. फ्रीजचं तापमान: बरोबर. औषधांच्या तारखा: एकही उलटलेली नाही. मागच्या खोलीत ओट्यावर ऑटोक्लेव्ह होतं, म्हणजे वाफेच्या दाबाने हत्यारं निर्जंतुक करायचं मशीन. कोरं करकरीत, झाकणाच्या काचेवरचा प्लॅस्टिकचा पापुद्राही पुरता निघाला नव्हता. शेजारी रजिस्टर. त्यात तीन महिन्यांच्या रोजच्या नोंदी, सगळ्या एकाच निळ्या शाईत, एकाच तिरप्या अक्षरात, एकदाही हात घाईत नाही, एकदाही खाडाखोड नाही.

“मशीन कधी घेतलं?”

“झाले की… तीनचार महिने.”

“सिस्टर, जरा लावून दाखवता?”

दवाखान्याच्या सिस्टर पन्नाशीच्या होत्या. त्या पुढे आल्या आणि झाकणाचा दांडा उजवीकडे ओढायला लागल्या. तो हलेना. मग डावीकडे. मग त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. काकांना राहवलं नाही; ते म्हणाले, “आधी खाली दाबा बाई, मग फिरवा.” झाकण उघडलं. आतलं भांडं कोरडं ठणठणीत होतं. पाण्याचा एक डागसुद्धा नव्हता.

“घाबरल्यात त्या,” डॉक्टर हसले. “तुमची कीर्तीच तशी आहे.”

ती वळली. “डॉक्टर, माझी कंबर दुखते हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“अहो, डॉक्टर आहे मी. माणूस दारातून आत आला की कळतं.”

“उशी परवा आणली. मी आज आले.”

डॉक्टर म्हणाले, ते खरंच हळुवारपणे, “सगळं नीट आहे ना आता? मग झालं तर. कशाला खोलात जायचं? ज्याने सांगितलं त्याच्या मनात तुमच्याबद्दल मायाच होती.”

माया. तिने फॉर्म पिशवीत घातला. एकही रकाना भरला नव्हता. काका बाहेर आल्यावर काही विचारतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही. रिक्षात शेजारी बसून ते नमुन्यांच्या नळ्या मोजत राहिले, त्या मोजायची काहीही गरज नव्हती.

*

दुपारचे दोन वाजले होते. दादा खिडकीजवळच्या टेबलाशी कुणाचं तरी भिंतीवरचं घड्याळ उघडून बसला होता, डोळ्याला भिंग लावून. वहिनी आतल्या खोलीत पडली होती.

“आज लवकरशी?” दादा मान वर न करता म्हणाला.

“दादा, भिंग काढ.”

त्याने काढलं. तिच्याकडे पाहिलं. मग टेबलावरचे बारीक स्क्रू एकेक उचलून तो डबीच्या झाकणात ठेवू लागला.

“तू सांगितलंस?”

त्याने शेवटचा स्क्रू झाकणात ठेवला. मग म्हणाला, “खुर्ची नीट दिली ना त्यांनी? मी बजावून सांगितलं होतं, साध्या खुर्चीत बसवू नका म्हणून.”

रस्ताभर तिने मनाशी दुसरी कारणं जुळवली होती. ऑफिसातलं कुणी फितूर असेल. कागद फुटला असेल. वहिनी कुणाशी सहज बोलली असेल. घरी गेल्यावर दादा ‘छे, भलतंच काय!’ म्हणेल आणि आपण त्याच्यावर संशय घेतला म्हणून आपल्यालाच लाज वाटेल. ती लाज तिला हवी होती. दादाने तीही मिळू दिली नाही.

“का, दादा?”

“का म्हणजे?” त्याचा आवाज चढला. “त्या माणसाने मला दुसरा जन्म दिलाय. मी जिवंत बसलोय तुझ्यापुढे तो कुणामुळे? त्याच्या दवाखान्याला कुलूप लागू देऊ? मी काय चोरी केली? एवढंच म्हटलं, बहीण येतेय, घर आवरून ठेवा. आणि त्यांनी ठेवलं की! मशीन घेतलं, रंग दिला. तुला हेच हवं होतं ना? स्वच्छ व्हावं, हेच ना? मग तू आरडाओरडा करून झालं काय आणि माझ्या एका शब्दाने झालं काय!”

बोलणं वरवर पटण्यासारखं होतं.

“ती बाई उभ्याने शिवते, दादा,” ती म्हणाली. “तीन महिने झाले. मी आज सगळं ठीक आहे असं लिहिलं तर तिची तक्रार खोटी ठरते. ती खोटारडी ठरते. आणि ते मशीन कुणाला उघडतासुद्धा येत नाही.”

“शिकतील हळूहळू.”

“रजिस्टर खोटं लिहिलंय.”

“आता तू प्रत्येक गोष्टीत…” दादाने हात झटकला. “अगं, जग असंच चालतं. तुला शिकवलं, पायावर उभं केलं, ते काय माझ्याच माणसांच्या मुळावर उठायला?”

हे बोलून गेल्यावर तो स्वतःच चपापला. इतक्या वर्षांत त्याने कधी ते बोलून दाखवलं नव्हतं. तिलाही ते लागलं. पण त्याच वेळी तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी सरकलं. ‘माझ्याच माणसांच्या’ म्हणाला. माणसांच्या, माणसाच्या नव्हे.

“याआधी कुणाला सांगितलं होतंस?”

त्याने भिंग पुन्हा हातात घेतलं.

“दादा, याआधी?”

“दोनदा,” तो घड्याळाकडे बघत म्हणाला. “सलूनवाल्याच्या जावयाचा दातांचा दवाखाना. आणि पुलापलीकडच्या लेडी डॉक्टर. नाही, तिसरंही एक… पण ते आधीपासून बरंच होतं.”

ती खुर्ची ओढून बसली. दातांचा दवाखाना तिला लख्ख आठवला. शंभरापैकी शहाण्णव गुण दिले होते. त्याच दवाखान्याचं नाव साहेबांनी मीटिंगमध्ये घेतलं होतं. आणि त्या रात्री तिने जेवताना हात नाचवत सांगितलं होतं, “न सांगता गेले रे दादा, आणि आरशासारखं स्वच्छ! लोक सुधारतात, आपण मागे लागलो की सुधारतात.” त्यावर दादा म्हणाला होता, “शाब्बास!” तिच्या पाठीवर थाप मारली होती. तोंडातला घास थांबवून, मन लावून सगळं ऐकलं होतं.

“तू रोज विचारायचास,” ती म्हणाली. “आज कसं गेलं म्हणून विचारायचास. आणि तुला आधीच माहीत असायचं.”

“तसं नाही गं…”

“मग कसं?”

दादा हाताच्या बोटांकडे बघू लागला. तेल लागलेली बोटं. “दुकान सुटल्यापासून मला कोण विचारतं, सांग?” तो म्हणाला. “चाळीस वर्षं लोक यायचे. दादा, घड्याळ बघा, दादा, वेळ लावून द्या. आता मोबाइलवर वेळ बघतात. सलूनमध्ये गेलो की मात्र उठून जागा देतात. म्हणतात, दादा, तुमच्या बहिणीला जरा विचारा. पैसा नाही घेतला मी कुणाचा. शपथ घेतो. चहासुद्धा माझ्याच पैशाने प्यायचो.”

“घेतला असतास तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “मला निदान चिडता आलं असतं.”

वहिनी दारात येऊन उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तिने पदराने तोंड दाबून धरलं होतं.

*

अहवाल तिने हाताने लिहिला. चारच ओळी लिहायला दोन दिवस गेले. ‘सदर तपासणी रद्द समजावी. तपासणीची आगाऊ वर्दी दवाखान्याला मिळालेली होती. ती माझ्या सख्ख्या भावाकडून गेली. भावाला ती माझ्याकडून कळली.’ खाली आधीच्या तीन दवाखान्यांची नावं, आणि त्यांचीही पुन्हा तपासणी व्हावी अशी शिफारस.

साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. “डोकं फिरलंय का तुझं? ‘वर्दी फुटल्याचा संशय आहे’ एवढंच लिही. पुढचं मी बघतो.”

“संशय नाही साहेब. खात्री आहे.”

“भावाचं कशाला घालतेस मग? कुणीतरी सांगितलं, झालं. तीन वर्षं मी तुझं नाव वरपर्यंत नेलं. आता हे मी वर कोणत्या तोंडाने नेऊ? स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतेयस.”

“धोंडा केव्हाच पडलाय, साहेब. कुठे पडला एवढंच मी लिहिलंय.”

साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांनाच दगा दिला होता. आणि एका परीने ते खरंही होतं, हे तिला त्या खुर्चीसमोर उभं असतानाच उमगलं.

फिरती त्याच आठवड्यात काढून घेतली. चौकशी बसली, ठपका आला, बढतीचा कागद खाली गेला तो पुन्हा वर आला नाही. तिला तळमजल्यावर रेकॉर्ड रूममध्ये टाकलं. तिथे मोजण्यासारखं काही नव्हतं, फक्त गठ्ठे होते. मोजपट्टी हे नाव लोकांनी आपोआप सोडून दिलं. नवं ठेवायची कुणाला गरज वाटली नाही.

शिवणाऱ्या बाईला तपासणी रद्द झाल्याचा कागद पोस्टाने गेला असता. पण ती स्वतः गेली. बाई अजून उभ्यानेच शिवत होती. तिने मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं. पुन्हा तपासणी होईल, दुसरे लोक करतील, तुमची तक्रार अजून जिवंत आहे, असं सगळं सांगून झालं.

“म्हणजे तुमच्याकडनंच गेलं,” बाई म्हणाली.

“हो.”

“सावलीलाही कळणार नाही म्हणाला होतात.”

“हो.”

“मला वाटलं होतं, ऑफिसातलं कुणीतरी असेल. नाहीतर मी तरी कुणाजवळ बोलले असेन.” तिने धाग्याचं टोक दाताने तोडलं. “तुम्ही येऊन सांगितलंत ते चांगलं केलंत, बाई. पण आता पुन्हा येऊ नका.” आणि तिने पेडलवर पाय ठेवला. बाकीच्या अकरा बायांपैकी एकीनेही मान वर केली नाही.

महिन्याअखेरीस तिने ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली. वहिनीने सामान बांधायला मदत केली. भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, “दोन दिवस धड जेवले नाहीत हे. तू एकदा बोल ना त्यांच्याशी. भाऊ आहे तुझा.”

“मी रागावलेली नाही, वहिनी.”

“मग?”

“राग असता तर राहिले असते. भांडले असते, आणि राहिले असते.”

वहिनीला ते कळलं की नाही कोण जाणे. तिने शेवटचं पातेलं गुंडाळलं आणि त्याला सुतळीची गाठ मारली.

पुन्हा तपासणी झाली ती सात आठवड्यांनी. दुसऱ्या जिल्ह्यातली माणसं आली. नमुनेवाले काका तेवढे जुने. संध्याकाळी काका मुद्दाम तळमजल्यावर आले आणि गठ्ठ्यांमधल्या स्टुलावर टेकले. “मशीन होतं जागेवर,” ते म्हणाले. “वर विणलेला रुमाल घातलेला, रुमालावर फुलदाणी. आणि शेगडीवर पातेलं. आम्ही गेलो तेव्हा त्यात चिमटा आणि कात्री होती. पाणी कोमट.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“म्हणाले, वीज फार खातं हो ते मशीन. आणि माझ्या वडिलांपासून पातेल्यातच उकळतोय आम्ही, कुणी मेलं नाही.” काकांनी मान हलवली. “माणूस वाईट नाही. तेच तर अवघड आहे.”

दवाखाना तीन महिने बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. तिन्ही तक्रारी खऱ्या ठरल्या. दातांच्या दवाखान्यातही पुष्कळ काही निघालं, तिसऱ्यात किरकोळच. पुलापलीकडच्या लेडी डॉक्टरांचं मात्र खरोखरच चोख होतं. त्यांना वर्दीची गरजच नव्हती. हे ऐकून तिला जरा बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, एवढ्याशाने बरं वाटण्याची पाळी आली आपल्यावर. दादाने काय तोंडाने त्यांना सांगितलं असेल, आणि त्यांनी काय समजून ऐकून घेतलं असेल, याचा विचार तिने पुढे केला नाही.

सलूनमध्ये दादाला आता कुणी उठून जागा देत नाही, असं वहिनीकडून कळलं. सलूनवाल्याच्या जावयाला दंड झाला तेव्हा चार लोकांदेखत सलूनवाला म्हणाला, “तुमच्या बहिणीने भावाला सोडलं नाही, आमचं काय घेऊन बसलात!” दादा तसाच अर्धवट दाढीने घरी आला. त्यानंतर तो घरीच दाढी करतो.

आणि एका रविवारी सकाळी तो तिच्या खोलीवर आला. एकटाच, दोन जिने चढून, दर पायरीला थांबत. दारात उभा राहून धापा टाकत होता. तिने त्याला आत घेतलं, पाणी दिलं, पंखा लावला. त्याने खोलीभर नजर फिरवली. खिडकी लहान आहे म्हणाला. नळाला पाणी किती वेळ असतं विचारलं. तिने सांगितलं. वहिनीचा गुडघा कसा आहे हे तिने विचारलं, त्याने सांगितलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“मग?” दादा म्हणाला. जुन्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं. “कामाचं कसं चाललंय?”

तिच्याजवळ सांगण्यासारखं होतं. रेकॉर्ड रूममध्ये चाळीस वर्षांपूर्वीचा एक अहवाल सापडला होता, त्यात तपासनीसाने लिहिलं होतं की डॉक्टर हजर नव्हते, पण त्यांच्या बकरीने सहकार्य केलं. तो वाचून ती त्या गठ्ठ्यांत एकटीच मोठ्याने हसली होती, आणि हसता हसता तिला पहिली आठवण दादाचीच झाली होती.

“ठीक चाललंय,” ती म्हणाली.

दादा तिच्याकडे बघत राहिला. अजून काही येईल म्हणून तो थोडा वेळ थांबला. मग त्याला कळलं. त्याने पेल्यातलं उरलेलं पाणी संपवलं, पेला हलकेच खाली ठेवला आणि भिंतीचा आधार घेत उठला.

“जिना जपून उतर,” ती म्हणाली.

“हो,” तो म्हणाला.

ती दारात उभी राहिली. पायऱ्यांवरचा त्याच्या पावलांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत पोचला आणि रस्त्याच्या गलबल्यात मिसळून गेला. मग तिने दार लावून घेतलं.